आमदारबाईंची सोनेरी कुदळ

मी एक जुनी कुदळ आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच गंजकी समजू नका हं! सिन्नरच्या एका लोहाराने मला घडवलं, बाभळीचा दांडा बसवला आणि मी संध्याताईंच्या घरी आले. मित्रांनो, तेव्हा ताई नुकत्याच ग्रामपंचायतीच्या सदस्य झाल्या होत्या. गावात गटार खणायला माणूस मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच पदर खोचला आणि मला हातात घेतलं. काय ते दिवस! मुरूम फोडून फोडून माझं टोक बोथट व्हायचं, पण जिवाला बरं वाटायचं.

लोकांनी ताईंना सरपंच केलं, मग जिल्हा परिषदेवर पाठवलं आणि शेवटी त्या आमदार झाल्या. माझीही बढती झाली! त्यांचे मदतनीस किशोरभाऊ यांनी मला सोनेरी रंग फासला, लाल रिबीन बांधली. मी भूमिपूजनांना गाडीतून जाऊ लागले. नारळ फुटायचा, ताई मला जमिनीला जराशी टेकवायच्या, फोटो निघायचा, की मी पुन्हा मखमली पेटीत. लोक म्हणायचे, "काय नशीब काढलंय कुदळीनं!" डोंबलाचं नशीब! खणायलाच मिळेना, तर मी कुदळ कसली? आतल्या आत झुरत होते मी.

परवा एका वाडीवर नव्या पाइपलाइनचं भूमिपूजन होतं. किशोरभाऊ म्हणाले, "ताई, फोटोत जरा जोर दिसू द्या." ताईंनी दाखवला की जोर! मी खसकन जमिनीत शिरले आणि खालची जुनी पाइपलाइन फुटली. कारंजं थेट मांडवात! पाहुण्यांचे फेटे भिजले, पेढ्यांचा लगदा झाला, ढोलवाले ढोल डोक्यावर घेऊन पळाले.

हसून झाल्यावर मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं. वाडीला पाणी देणारी तेवढी एकच पाइपलाइन होती. कुसाबाई नावाची म्हातारी रिकामा हंडा घेऊन पुढे आली.

"ताई, नवी यील तवा यील. आज सांजंला आमी काय प्यायचं?"

"उद्या माणसं पाठवतो," ठेकेदार म्हणाला.

"उद्या नाही, आत्ता!" ताईंनी चपला काढल्या आणि माझी रिबीन उपटून फेकली.

किशोरभाऊ कुजबुजले, "ताई, पुढे दोन कार्यक्रम आहेत."

"मग तू जा, भाषण ठोकून ये."

ताई खणू लागल्या तशी वाडीही फावडी, घमेली घेऊन धावली. माझा सोनेरी रंग खरवडून निघाला. मित्रांनो, इतका आनंद मला हारतुऱ्यांनी कधीच झाला नव्हता! फुटलेल्या जागी नवा जोड बसला आणि दिवेलागणीला हंडे भरले.

किशोरभाऊ पेटी उघडून उभे राहिले. कुसाबाईने मला घट्ट धरलं.

"पेटीत कशाला? नवी लाइन खणायचीय. ऱ्हाऊ द्या हिला आमच्यात."

ताई जरा घुटमळल्या. माझा तर जीव टांगणीला लागला.

"ठेवा, आजी. पण वापरा हं."

"वापरू की! आन तुमी बी येत जा अधूनमधून. नुसतं फोटूत ऱ्हाऊ नका."

ताई हसल्या खऱ्या, पण कानापर्यंत लाल झाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं अवजार कौतुकाने टांगून ठेवलं असेल, तर ते आजच खाली काढा. आम्हाला हार नकोत, काम द्या. चला, येते मी. चर अजून अर्धासुद्धा झाला नाही, आणि समोरच्या टोकाला ताई कधीच्या खणायला लागल्यात.