उत्तर येईपर्यंत

"तिन्ही सॉफ्टवेअरवाल्यांना तोच प्रश्न विचारायचा," ताई म्हणाली, "आणि मधे कुणी तोंड घालायचं नाही. विशेषतः तू."

विशेषतः मीच. आता मला त्याचं काही वाटत नाही म्हणा. आमची कुलपांची कंपनी. मी विक्री खात्यात, ताई जिन्याखालच्या खोलीत. दुकानादुकानांतून रोज जी कुलपं खपतात, त्यांची सगळी माहिती तिच्या खोलीतल्या यंत्रात येऊन पडते. त्याचं भारदस्त नाव डेटा वेअरहाऊस. आम्ही आपलं गोदाम म्हणायचो. कुठलं कुलूप कुठे चाललं, कुठे पडून राहिलं, काहीही हवं असलं की ताईकडे जायचं. ती प्रश्न टाकायची आणि म्हणायची, "उत्तर येईपर्यंत बस की." गोदाम म्हातारं झालेलं. एकेका उत्तराला अर्धा अर्धा तास लावायचं.

मालकांनी आता फर्मान काढलं होतं, की तीन कंपन्यांची सॉफ्टवेअरं बघा आणि त्यातलं एक घ्या. बघणारे आम्ही तिघं. ताई, मी आणि हिशेब खात्याचे साहेब. साहेबांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. ताई सांगतील तिथे सही करतो." मीही तेच म्हणालो. म्हणजे निवड ताईचीच.

पहिल्या सॉफ्टवेअरवाल्याची जीभ साखरेची. रंगीत तक्ते काय, नकाशे काय! पण गिऱ्हाइकानं परत केलेलं कुलूप त्याच्या हिशेबात दोनदा विकलं गेलं आणि गडी घाम पुसायला लागला. दुसरं म्हणजे आमच्या गोदामाचंच धाकटं भावंड. चोख, भरवशाचं, पण संथ. शिवाय त्याच्याजवळ कायम एक जाणतं माणूस बसायला हवं. मला ते बघताक्षणी आवडलं.

तिसरं दाखवायला एक बाई आल्या. ताईनं प्रश्न टाकला, बटण दाबलं आणि सवयीनं खुर्ची साहेबांकडे वळवली.

"हं, काय म्हणतात सूनबाई? रुसवा गेला का?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मी पाय लांब केले. "कसला जातोय!" साहेब म्हणाले. "परवा मी स्वतः चहा करून दिला हो तिला, तर म्हणते कशी..."

"मॅडम," त्या बाई चाचरत म्हणाल्या, "उत्तर आलंय."

आम्ही तिघांनी पडद्याकडे पाहिलं. खरंच आलं होतं, आणि बरोबरही होतं. सूनबाई काय म्हणाली ते राहूनच गेलं.

ताईनं मग एक महा अवघड प्रश्न टाकला. पापणी लवते न लवते तोच उत्तर हजर.

"आणि हे कुणालाही आपापल्या टेबलावरून विचारता येतं," बाई म्हणाल्या. "मधे कुणी लागतच नाही."

"छान आहे," ताई म्हणाली.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र ताईची जिन्याखालची खोली आली. काय दिवस होते ते! विक्री आणि हिशेब म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य, पण त्या खोलीत आम्ही एकाच बाकावर खेटून बसायचो. मी बाप होणार ही बातमी माझ्या आईच्या आधी ताईला कळली होती. साहेबांचे वडील गेले तेव्हा ते घरी सगळ्यांना धीर देत होते, आणि रडले ते त्या बाकावर. ताईचे यजमान गेल्यावर ती लगेचच कामावर आली. म्हणाली, "घरी भिंतींशी किती बोलू?" त्या दिवशी आम्ही सगळे नाही नाही ते प्रश्न शोधून काढून दिवसभर तिच्याकडे जात राहिलो. कुणी पितळी कड्यांचा खप विचारला, कुणी बंद पडलेल्या दुकानांचा. गोदामाला धाप लागली असेल बिचाऱ्या.

बाई गेल्या तसा मी ताईला जिन्यात गाठलं.

"दुसऱ्याला जरा झुकतं माप दे ना. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"अगं पण उद्यापासून तुझ्या खोलीकडे कुत्रं फिरकणार नाही!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. ताई कठड्याला टेकली.

"माहीत आहे रे. ते तिसरं बघितल्यापासून तेच डोक्यात आहे. वाईट वाटतंय, खूप वाटतंय. माझं दुसरं आहे कोण, तुम्हीच की." तिनं नाक पुसलं. "पण तिकडे दुकानदार उत्तराची वाट बघत ताटकळतो, आणि इथे तू मला सासूच्या गोष्टी सांगत बसतोस."

"तुला आवडतात त्या."

"आवडतात ना. म्हणून काय कंपनीनं म्हातारं यंत्र पाळायचं?"

तिनं तिसऱ्यापुढे खूण केली. साहेबांनी सही केली. मीही केली, मुकाट्यानं.

नवं सॉफ्टवेअर आलं. खोटं कशाला बोला, ते झकास चालतं. दुकानदार खूश, मालक खूश. जिन्याखालच्या खोलीत आता रंगाचे डबे ठेवतात. ताईला वरच्या मोठ्या दालनात टेबल मिळालं, तेही खिडकीशी. जो तो आपापल्या पडद्यात मान घालून बसलेला. विचारलं की उत्तर येतं, उत्तर आलं की पुढचं काम. मान वर करायला फुरसत म्हणून नाही.

परवा दुपारी टेबलाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. बघतो तर ताई. तिला कुणाच्या टेबलाशी गेलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळं जग तिच्याकडे यायचं. हातात कागद नाही, काही नाही.

"काय गं, काही अडलंय का?"

"छे, अडतंय कसलं! सगळं सुरळीत आहे." तिनं समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "कामाचं काही नाही रे. जरा बसू का?"

मी घाईघाईनं त्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या.