माझ्या पोटात साळुबाईचं हसू आहे

मी एक कॅमेरा बोलतोय. राखाडी रंगाचा, तळहाताएवढा, खिशात मावणारा. आज सकाळी माझं पोट रिकामं असायला हवं होतं. ते रिकामं नव्हतं, आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं.

काल संध्याकाळी स्वप्नानं माझ्या तळाचं झाकण उघडून फोटोंचं मेमरी कार्ड काढून घेतलं होतं. आणि आज सकाळी नऊच्या सुमाराला 'टक्' झालं. कार्ड पुन्हा आत बसलं. बोट मात्र स्वप्नाचं नव्हतं. स्वप्नाचं बोट नेहमी गार असतं, थोडं थरथरतं. हे बोट ऊबदार होतं, त्याला बाजरीच्या पिठाचा वास होता.

ती होती जानकाबाई, स्वप्नाची आई.

आता दुपारचे अडीच वाजलेत. मी नारायणगावात भंवरलालशेठच्या दुकानामागच्या खोलीत टेबलावर पडलोय. कधीही कुणी येऊन माझ्या पोटातलं सगळं पुसून टाकेल. मला ओरडता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय, भराभर सांगतोय. ऐका.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते याच दुकानाचं काचेचं कपाट. सात वर्षांपूर्वी महाळुंगे पडवळहून स्वप्नाचे वडील, हनुमंतभाऊ आले. मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. "भारीतला नको, पण टिकाऊ द्या शेठ," असं म्हणून त्यांनी मला रुमालात गुंडाळून नेलं.

स्वप्ना म्हणजे भित्री पोरगी. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. मागून कुणी "ए" म्हटलं की हातातलं खाली पडतं. कडी लावली का हे तीनदा बघते, आणि वाटेला लागल्यावर चौथ्यांदा आठवते. पण मला डोळ्याला लावलं, म्हणजे माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यात डोकावलं, की तिचा श्वास थांबायचा आणि हात स्थिर व्हायचा. कॉलेजची तीन वर्षं मी तिच्या मुठीत काढली. तिच्या मुठीत राहून राहून मलाही धसके घ्यायची सवय लागली, हे खरं.

कॉलेज संपलं आणि ती लोकांचे फोटो काढायला लागली. बारसं, वाढदिवस, शाळेचं स्नेहसंमेलन. तिच्याकडे लॅपटॉप नाही. फोटो काढायचे, कार्ड मंचरच्या लॅबमध्ये न्यायचं, तिथून छापून आणायचे, अशी तिची पद्धत.

मागच्या महिन्यात ओझरला एक बारसं होतं. स्वप्ना मला घेऊन पाळण्याशेजारी उभी. बाळाचा मामा आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, ते फोटोग्राफर कधी येणार?"

"मीच आहे."

"आन् कॅमेरा?"

तिनं मला वर धरलं. मामा हसला. "मला वाटलं तपकिरीची डबी हाय! राव, ह्याच्यापरीस माझा मोबाईल मोठा हाय की."

सगळे हसले. स्वप्नाही हसली, पण तिच्या तळव्याला घाम फुटला होता आणि तो मला लागत होता.

त्या दिवसापासून तिची तगमग सुरू झाली. मिररलेस, म्हणजे तो नव्या पद्धतीचा मोठा कॅमेरा, घ्यावा का? वहीच्या एका पानावर त्याचं नाव, दुसऱ्यावर माझं. खोटं कशाला बोलू, त्याच्या पानावर चांगलं बरंच होतं. मांडवातल्या अंधारात मी चेहऱ्यांचा चिखल करतो, तो करत नाही. त्याला वेगवेगळी भिंगं लावता येतात. पोर धावली तरी तो तिला नेमकी पकडतो, मी तोवर विचारच करत असतो. माझ्या पानावर दोनच गोष्टी होत्या. 'खिशात मावतो.' 'लोक घाबरत नाहीत.' दुसरी ओळ तिनं खोडली होती, परत लिहिली होती, परत खोडली होती.

शेवटी भंवरलालशेठच्या पुतण्यानं, अरिहंतनं, तिला दोन दिवस वापरून बघायला एक मिररलेस दिला. "घेऊन जा, स्वप्ना. कुणाचेतरी फोटो काढून बघ. नाही आवडला तर परत दे."

ती तो घेऊन मढला गेली. मला सवयीनं खिशात टाकलं.

मढला साळुबाई राहायची. हनुमंतभाऊंची मावशी, चौऱ्याऐंशी वर्षांची. स्वप्नानं तिला ओट्यावर बसवलं आणि गळ्यातला तो काळा, जडशीळ कॅमेरा उचलला.

"अगं बया," साळुबाई म्हणाली, "ही तोफ कुणावर डागतीस?"

"आजी, नुसतं हसायचंय."

"हसते की."

पण हसली नाही. पदर कपाळापर्यंत ओढला, ओठ मिटले, हात मांडीवर. सरकारी कचेरीत नंबर लागल्यासारखी बसली. स्वप्नानं वीस फोटो काढले. विसांत तेच तोंड. हे सगळं मला खिशातून ऐकू येत होतं. थोडा आनंदही झाला, कबूल करतो.

थकून तिनं त्याला बाजूला ठेवलं आणि मला बाहेर काढलं. साळुबाईनं डोळे बारीक केले. "ही कशाची डबी? मिशरीची?"

तेवढ्यात मागच्या खुराड्यावरून एक कोंबडी फडफडत उडाली ती थेट स्वप्नाच्या पाठीवर. स्वप्ना किंचाळली, उडालीच जागेवरून. आणि तिचं बोट माझ्या बटनावर दाबलं गेलं.

साळुबाई हसली. काय हसली! पदर डोक्यावरून घसरला, मिशरीनं काळे झालेले चार दात दिसले, डोळ्यांतून पाणी आलं. "आगं कोंबडी हाय ती, वाघ न्हाई! शिकलीसवरलेली पोर आन् कोंबडीला भ्याली!" मला टिपायला नेहमीसारखा उशीर झाला, म्हणून ते सगळं हसू माझ्या पोटात उतरलं. फोटो जरा तिरका आहे, पण तिचा चेहरा लख्ख आहे.

त्याला पंधरा दिवस झाले. पाच दिवसांपूर्वी साळुबाई गेली.

परवा तिच्या मुलीचा, वैजयंतीआत्याचा फोन आला. उद्या सकाळी मढला साळुबाईचा जलदानविधी आहे, सगळे जमून तिच्या फोटोला फुलं वाहणार. "स्वप्ना, आईचा एकच फोटो हाय गं, आधार कार्डावरचा. त्यात ती लई भ्यालेली दिसती. जल्मभर कुणाला भ्याली न्हाई ती. लोकांनी त्या भ्यालेल्या तोंडाम्होरं फुलं वाहायची का?"

"आत्या, माझ्याकडे आहे," स्वप्ना म्हणाली. "हसतानाचा. मोठा करून आणते. नक्की आणते."

हा शब्द तिनं दिला, आणि तेव्हापासून ती नीट जेवली नाही. एकीकडे हा फोटो, दुसरीकडे रविवारचं लग्नाचं काम. तिथल्या लोकांनी आधीच बजावलं होतं, मोठा कॅमेरा नसेल तर येऊ नका. म्हणून आजचं असं ठरलं: नारायणगावात जायचं, मला बदल्यात देऊन मिररलेस घ्यायचा, आणि तसंच एसटीनं मंचर गाठून साळुबाईचा फोटो छापायचा.

काल तिनं कार्ड काढून आईच्या वेलदोड्याच्या छोट्या स्टीलच्या डबीत ठेवलं, आधी ती डबी रिकामी करून, पुसून. डबी माझ्या शेजारी ठेवली. आणि सकाळी ती अंघोळीला गेली.

जानकाबाई आली. डबी उघडली. कार्ड बघितलं.

"अवो," ती हनुमंतभाऊंना म्हणाली, "पोरीनं ह्याच्यातली चकती भाईर काढून ठिवलीय. कॅमेरा रिकामाच द्यायला निघालीय बघा."

"मग?"

"मग काय? दुसऱ्याच्या घरी वस्तू रिकामी देत्यात का? शेजारणीची वाटी बी आपुन रिकामी परत करत न्हाई. चिमूटभर साखर तरी घालतो."

हनुमंतभाऊ हसले. "ती काय डाळीची वाटी हाय व्हय?"

"तुमी गप बसा. शेठ काय म्हनल? महाळुंग्याचं मानूस आतडी काढून कॅमेरा देतं?" असं म्हणत तिनं कार्ड माझ्यात बसवलं. लेकीला करताना हजारदा बघितलं होतं, बरोब्बर बसवलं. मग डबीकडे बघितलं. आता ती रिकामी झाली होती. तीही रिकामी कशी ठेवायची? तिनं त्यात एक वेलदोडा टाकला, झाकण लावलं आणि भाकरीकडे गेली.

स्वप्ना घाईनं आली. डबी उचलली, कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. तिनं समाधानानं मान हलवली. दाराशी पुन्हा हलवली. एसटीत तिसऱ्यांदा हलवली. तिन्ही वेळा खुळखुळलं. मी पिशवीत तडफडत होतो. उघड ना गं, एकदा उघड! पण उघडलं आणि कार्ड उडून गेलं तर, ही तिला भीती. म्हणून हलवून बघायचं, उघडायचं नाही.

दुकानात तिनं मिररलेस हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. अरिहंत म्हणाला, "घे गं आता, माझा चहा तीनदा गार झाला." शेवटी तिनं घेतला. मला काउंटरवर ठेवताना तिचं बोट माझ्यावरून एकदा फिरलं. मला वाटलं, झाकण उघडेल. नाही उघडलं.

"अरिहंत, कार्ड मी काढून घेतलंय. पण याच्या आतल्या मेमरीत काही राहिलं असेल तर पुसाल ना? लोकांच्या घरचे फोटो असतात."

"पुसतोच आम्ही. सगळंच."

"आजच पुसाल ना?"

"आजच."

"नक्की? विसरणार नाही ना?"

"बाई माझे, रिद्धी क्लासवरून आली की पहिलं काम हेच. झालं?"

तिनं तीनदा कबूल करून घेतलं. स्वतःच्या तोंडानं. आणि ती मंचरच्या गाडीला पळाली.

अरिहंतला ओझरहून बोलावणं आलं, कुणाचातरी सीसीटीव्ही कॅमेरा भिंतीवरून निखळला होता. तो घाईत निघाला. मला मागच्या खोलीत टेबलावर ठेवलं, वर रिद्धीसाठी चिठ्ठी: 'स्वप्नाचा, सगळं पुस.' त्याचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. भंवरलालशेठ पुढे गिऱ्हाइकांत अडकलेले.

खोलीत एकट्या कस्तुरबाई आहेत, शेठच्या पत्नी. त्या सामायिकाला, म्हणजे जैनांच्या रोजच्या ध्यानाला बसल्यात. पांढरं आसन, तोंडावर मुहपत्तीचं पांढरं फडकं, समोर वाळूचं घड्याळ. अठ्ठेचाळीस मिनिटं जागचं हलायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, विजेच्या वस्तूला शिवायचं नाही. वाळू निम्मी खाली आलीय.

आणि दहा मिनिटांपूर्वी फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं, 'स्वप्ना महाळुंगे'. मला कळलं. मंचरला पोचली, लॅबच्या काउंटरवर डबी उघडली, आणि वेलदोडा निघाला. आईला फोन करून विचारलं असणार, आणि आता इथं लावतेय.

फोन वाजून थांबला. परत वाजला. परत थांबला. कस्तुरबाईंनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा वाळूकडे, आणि डोळे मिटले. माळेचे मणी मात्र भराभर पळायला लागले. सहाव्यांदा वाजला. सातव्यांदा. मध्ये फोन थांबतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

आता रिद्धी आलीय. शेठची नात, कानात गाणी. दप्तर फेकलं, खुर्ची ओढली आणि मला उचललं. कापडानं माझी काच पुसली. पाठीमागे खिडकीत फोन वाजतोय, आठव्यांदा, तिला ऐकू येत नाही. तिनं मला चालू केलं. आता यादी उघडली. आता ती ओळ आली: सगळं पुसायचं का? 'हो' आणि 'नाही'. तिचा अंगठा बटनावर टेकलाय.

ज्यांच्या हाती कुणाचं जुनं यंत्र येईल, त्यांना हात जोडून सांगतो, पुसण्याआधी एकदा आत बघा. मला कपाटात ठेवा, मोडीत काढा, माझी काही तक्रार नाही. मिररलेसनं रविवारचं लग्न सुंदर काढावं, स्वप्नानं त्याच्याबरोबर भरभराटीला यावं. पण मढची ती बाई उद्या लोकांसमोर भ्यालेल्या तोंडानं जायला नको.

रिद्धीचा अंगठा थबकलाय. तिनं यादी बंद केली, कुतूहल म्हणून एक बटन मागे दाबलं. माझ्या छोट्या पडद्यावर साळुबाई आली, पदर घसरलेली, काळ्या चार दातांची. रिद्धीच्या तोंडावर नकळत हसू फुटलं. पण अंगठा पुन्हा यादीकडे वळतोय. काम ते काम.

फोन नवव्यांदा वाजला.

कस्तुरबाईंनी जमिनीवर थाप मारली. सामायिकात खूण करणंही चूकच, हे त्यांना माहीत होतं. मुहपत्तीवरचे त्यांचे डोळे तेच सांगत होते. तरी त्यांनी दुसरी थाप मारली, जोरात, आणि बोट खिडकीकडे केलं. रिद्धी दचकली. अगदी स्वप्नासारखी. कानातलं काढलं, मला तसंच मुठीत धरून खिडकीशी गेली आणि फोन उचलला.

पडद्यावरचं नाव तिनं वाचलं होतं.

"हॅलो, स्वप्नाताई? बरं झालं तूच केलास," रिद्धी म्हणाली. "अगं, ही हसणारी आजी कोण आहे?"