धवळारिणीची जीभ

ओवे गावची भामा खुर्चीत बसली तीच गाल धरून. खालची दाढ पार पोखरलेली. डॉक्टर रेवानं सवयीनं लांब सुई उचलली. खालच्या जबड्याचं हाड जाड, नुसतं हिरडीत टोचून भागत नाही. मागची नसच बधिर करावी लागते.

"मावशी, अर्धी जीभ संध्याकाळपर्यंत बधिर राहील हं."

झालं! बाई ताडकन उठली. "नको गो बाय! मी धवलारीन हाय. आज गावातल्या दिपाचं लगीन. मी गायले नाय तर पोरीला हलद कशी लागंल?"

खरंच होतं ते. धवळारीण लग्नाचे धवळे गायल्याशिवाय आगऱ्यांचं लग्न पुढे सरकत नाही. पण ठणक्यानं तोंडही उघडेना. रेवाला दुसरी रीत आठवली. दाढ आणि हिरडीच्या फटीत बारीक सुईनं थेंब थेंब औषध सोडायचं. टोचताना कळ येते, असर लवकर उतरतो, पण जीभ मोकळी राहते. कॉलेजनंतर तिनं ते केलं नव्हतं. देवाचं नाव घेऊन तिनं केलं.

"गाऊन बघा आता."

"धवला उगाच नाय गायाचा. समोर नवरी लागते." भामा तिच्याकडे बघत राहिली. "तुज्या लग्नात कोन गायली?"

"कोणी नाही. कोर्टात केलं. आई आलीच नाही."

"हलद पन नाय? अगो बाय माजे! मालकाचं नाव काय?"

"सत्यजीत."

भामानं डोळे मिटले आणि रेवा-सत्यजीतच्या नावानं धवळा सुरू केला. एकही शब्द अडखळला नाही. पंखा जणू हळू झाला. दुपारचं ऊन पिवळ्या पडद्यातून आत आलं, रेवाच्या हातांवर हळदीसारखं पसरलं. लवंग तेलाचा वास कुठल्या कुठे गेला. मांडव दिसला, आंब्याचे डहाळे दिसले आणि पाटाशी आई बसलेली दिसली, हळदीची वाटी घेऊन. रेवाला रडू आवरेना. औषध उतरत होतं, पण धवळा मधेच तोडायचा कसा?

"रडू दे, नवरी रडतेच," गाणं संपवून भामा म्हणाली. "आता काड दाढ."

रेवानं डोळे पुसले, पुन्हा थोडं औषध सोडलं आणि दाढ काढली.

दारात भामा वळली. कापूस दातांत धरूनच म्हणाली, "आयला सांग, लगीन लागलं."

रेवानं फोन हातात घेतला. मग तिनं आईचा नंबर फिरवला.