दोरीवरचे शर्ट

मुक्तिदिनाच्या नव्या फलकावर आईचं नाव हवं असेल, तर त्या काळातल्या एका हयात साक्षीदाराचा अंगठा आणा, असं कचेरीतल्या बाबूने जयाला सांगितलं होतं. हयात असे एकच उरले होते, दुधनीचे चिंधाआबा. आईचा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी जया अर्ज आणि शाईचं पॅड घेऊन सिल्वासाहून त्यांच्या ओट्यावर येऊन बसली.

"फिरंग्यांच्या चौकीवर पाळत कशी ठेवायचात, आबा?"

आबा खुलले. "नदीपल्याड जाळीत दडायचं आन् दोरीवरचे शर्ट मोजायचे. जितके शर्ट तितके शिपाई. उलटा, शिवण बाहेर करून टाकलेला दिसला, की तो रातपाळीचा. सगळं अरविंदभाईंचं डोकं!"

"त्यांना हे कुणी सांगितलं?"

"त्यांना कोण सांगणार? पुढारी होते ते."

चौकीतले कपडे जयाची आई धूत असे. कुठला शर्ट सुलटा, कुठला उलटा, हे तीच, तेव्हाची सतरा वर्षांची पुतळा, ठरवायची, आणि ते एकट्या अरविंदभाईंना ठाऊक होतं. दमण अजून सुटायचं आहे, मी सांगेन तेव्हाच तोंड उघड, असं त्यांनी तिला बजावलं होतं. मुक्तीनंतर दोन महिन्यांत ते तापाने गेले. आई सत्तर वर्षं गप्प राहिली. बोलली ती इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात.

जयाने हे सगळं सावकाश सांगितलं. आबांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पुतळी? ती फिरंग्यांची धोबीण? पोरी, तू मायेपोटी बोलतेस. तिच्यापासून तर आम्ही चिठ्ठ्या लपवायचो. मुक्तीच्या दिवशी सापडली तशी दगडं मारली तिला. माझाच एक कपाळाला बसला. आता मरायच्या वक्ताला खोटा अंगठा कसा देऊ?"

आईच्या भुवईवर जुन्या खोकेचा व्रण होता. विहिरीच्या काठावर पडले होते, असं ती सांगायची. शेवटची आंघोळ घालताना जयाचं बोट त्या व्रणावरून गेलं होतं.

तिने पॅडचं झाकण लावलं. अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

"दगड केवढा होता, आबा?"

"असंल मुठीएवढा." आबांनी मूठ वळून दाखवली. "पण ओरडली नाही हो ती. एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, मस्ती आहे."

आतून सुनेने चहा आणला. जयाने कप घेतला.