उजवा लाल, डावा निळा

श्रवणयंत्र नीट बसावं म्हणून प्रत्येक कानाचा वेगळा साचा लागतो. दवाखान्यातून कानाचा ठसा येतो, कारखान्यात त्यावरून साचा घडतो. शेवटचं काम तिचं. उजव्या कानाच्या साच्यावर लाल ठिपका, डाव्यावर निळा, आणि ज्याचे साचे त्याच्या नावाच्या डबीत. शेंबड्या पोरालाही जमेल, असं साहेब म्हणायचे. शेंबड्या पोराला जमलंही असतं. तिला जमत नव्हतं.

हात चांगला होता, डोळे चांगले होते. मन मात्र ठिपका अर्धा टेकवून खिडकीबाहेर निघून जायचं. लहानपणापासून घरी धांदरट म्हणून तिचा उद्धार व्हायचा. एकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी त्या धांदरटपणाला एडीएचडी म्हटलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "एवढी फी कशाला भरलीस? आम्ही फुकटात सांगत होतो की!" त्याच्यासमोर ती हसली. घरी येऊन रडली.

मग एका आजोबांचं पत्र आलं. त्यांच्या डबीत दुसऱ्याच कुणाचे साचे गेले होते. कान सुजला, नवे साचे यायला तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात नात परदेशी निघून गेली. 'ती दारात काय म्हणाली ते मला कळलं नाही,' एवढंच त्यांनी लिहिलं होतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणखी एक चूक, की घरचा रस्ता धरायचा," साहेब म्हणाले.

उपाय तिनेच शोधला. मोठ्याने बोलायचं. नाव वाचायचं, साचा स्वतःच्या कानाशी धरायचा, "उजवा, लाल" म्हणायचं आणि मगच ब्रश उचलायचा. तोंड गुंतलं की मनाला पळायला वाव नसे. तिच्या चुका थांबल्या, हॉलमधल्या इतरांच्या सुरू झाल्या. तिचं नाव 'रेडिओ' पडलं. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली अकरा वर्षं तिच्याबरोबर जेवत होती. शेवटी तीच म्हणाली, "गप्पांचं काही नाही गं, पण दिवसभर हा पाढा! डोकं उठतं. रागावू नकोस." रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत.

तिचं टेबल कोठीत गेलं. तिथे रिकामे खोके, बंद पडलेला पंखा आणि ती.

"तीन महिने एकही चूक नको. मग परत हॉलमध्ये या," साहेब म्हणाले, "पण तोंड मिटून."

तीन महिन्यांत एकही डबी परत आली नाही. दुपारी ती हॉलमध्ये जेवायला जायची, पण खरे विनोद सकाळीच होऊन गेलेले असत. उरल्यासुरल्या हसण्यात ती उगाच भर घालायची. तिची मागणी फार मोठी नव्हती. काम करताना मान वर केली की समोर माणूस दिसावा, बस्स.

मुदत भरली त्या सकाळी पॉलिशवालीने तिची खुर्ची पुसून ठेवली होती. "आलीस एकदाची! करमत नव्हतं बाई तुझ्यावाचून." ते खरंच होतं. दिवसभर ती तोंड मिटून बसली. कुणाच्या तरी सासूची गोष्ट ऐकली, कुणाला तरी कात्री दिली. किती दिवसांनी तिला आपण चारचौघांतल्या आहोत असं वाटलं.

संध्याकाळी डब्या बंद करताना सवयीने एक साचा तिने कानाशी धरला. उजवा होता. ठिपका निळा. तिने सगळ्या डब्या उघडल्या. दोन डब्यांतले साचेही एकमेकांत गेले होते.

शेजारच्या पॉलिशवालीखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. गुपचूप दुरुस्त करून ती उद्याही तिथेच बसू शकली असती.

"सापडली ना चूक? मग झालं तर," पॉलिशवाली कुजबुजली.

"आज सापडली," ती म्हणाली. मग साहेबांकडे गेली आणि कोठी मागून घेतली, कायमची.

दुसऱ्या दिवशी तिने कोठीचं दार वीतभर उघडं ठेवलं. तिकडचं हसणं तरी ऐकू येईल. साचा कानाशी धरला. "उजवा, लाल. डावा, निळा."

थोड्या वेळाने दार हलकेच ओढलं गेलं. आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी कडी बोटांनी धरली होती. बोटांवर पॉलिशची पांढरी भुकटी होती.

तिने पुढची डबी घेतली आणि नाव वाचलं. आता कुणाला त्रास होणार नव्हता, म्हणून आवाज जरा मोठा केला.