गोठ्यावरचा भावी खेळाडू

“भावी, तुझ्या कपाळातून पानी गळतंय,” रंगुबाई म्हणाली.

सायमनने मान वर केली. गोठ्याच्या छपराला, आतल्या बाजूला तोंड करून, तो स्वतः पसरलेला होता. वय अठरा, केसांना तेल, अंगात निळा टी-शर्ट. खाली म्हैस त्याच्याकडे बघत रवंथ करत होती. त्याचा तो जुना फ्लेक्स कपाळाच्या मधोमध विरला होता आणि रात्रीच्या पावसाचं साचलेलं पाणी तिथून थेंब थेंब म्हशीच्या पाठीवर पडत होतं.

“तौफिकच्या पोरीचा छापलाय म्हनं भागवतनं,” रंगुबाईने पुढे विचारलं. “किती फुटी हाय? तुझा तवाच आखूड हुता.”

म्हणजे गावात पुढचा कोण पडणार आणि त्याचा फ्लेक्स कधी उतरणार याची म्हातारी वाट बघत होती. तिच्या मनात पाप नव्हतं. तिच्याकडे म्हैस होती.

“कधी लावनार हाय?” सायमनने विचारलं.

“आज सांजच्याला, चौकात. तुला म्हाईत न्हाई व्हय?”

सायमनला माहीत नव्हतं. त्याने चहाचा कप अर्धा ठेवला, लोखंडी चावी खांद्यावर टाकली आणि मोपेडला किक मारली. मोपेड नेहमीप्रमाणे चौथ्या किकला सुरू झाली, तोवर म्हैस आणि तो एकमेकांकडे बघत राहिले.

सायमन बेलापुरात वॉलमन होता. म्हणजे गावाच्या टाकीतलं पाणी कुठल्या वॉर्डाला कधी सोडायचं, ते लांब चावीने वॉल फिरवून ठरवणारा माणूस. सकाळपासून तो गावभर फिरायचा. बसलेला कुणी पाहिला नव्हता. त्याला सगळे भावी म्हणत. गावात नव्याने आलेल्या सुनांना तर ते त्याचं आडनाव वाटायचं.

हे नाव भागवतने दिलेलं. नगरच्या लष्करी कॅम्पातून निवृत्त झालेले एक हवालदार गावात राहायला आले तेव्हा येताना पोतंभर हॉकी स्टिका घेऊन आले, आणि दोन वर्षांत गावाला कबड्डीइतकंच हॉकीतलं कळायला लागलं. म्हणजे फार नाही, पण ठामपणे. सामना संपला की चहाच्या टपरीवर कोण इंडियाला खेळणार याचे अंदाज निघत. भागवतचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे त्याचा अंदाज श्रीरामपुरातून छापून यायचा. एकोणीस वर्षांपूर्वी सायमन राज्य संघाच्या ट्रायलला जाऊन आला आणि यादी लागायच्या आदल्या दिवशी चौकात त्याचा फ्लेक्स लागला: भावी ऑलिम्पियन सायमन. खाली शुभेच्छुकांचे फोटो इतके झाले की स्टिक बसेना. ती मुठीखाली कापावी लागली. त्यामुळे भावी ऑलिम्पियन छत्री धरून एसटीची वाट बघत उभा आहे असं वाटायचं.

यादीत त्याचं नाव नव्हतं.

त्यानंतर भागवतने आणखी दोन अंदाज केले. ज्ञानेश्वर हॉकीवर पोलिसात लागला आणि आता तिथे कबड्डी खेळतो. त्याचा फ्लेक्स कांद्यावर आहे. एक गोलकीपर होता, तो संगमनेरला दुधाच्या धंद्यात गेला आणि गाडीतून फेकलेल्या पिशव्या झेलतो. एकही सुटत नाही म्हणतात. माणसं कामाला लागली, फ्लेक्सही कामाला लागले. फक्त ते दोघे गाव सोडून गेले होते. सायमन गावातच होता, त्यामुळे नाव त्याला चिकटलं.

आणि आता कैनात. तौफिकची पोरगी, पंधरा वर्षांची. तीन वर्षं सायमन तिला पहाटे मुरमाच्या ग्राउंडवर शिकवत होता. परवा ती पुण्याला ट्रायल देऊन आली. राज्याच्या संघाची यादी उद्या दुपारी लागणार होती. तोवर, निदान तोवर, तिला कुणी भावी म्हणू नये एवढंच त्याला हवं होतं.

भागवतच्या दुकानात फ्लेक्स जमिनीवर पसरलेला होता. भागवत काठावर अनवाणी उभा राहून त्याच्याकडे बघत होता, जसं बाळंतिणीकडे बघतात.

सायमनने त्याला समजावून सांगितलं. एक दिवस थांबा, यादी लागू द्या, नाव आलं तर मी स्वतः बांबू रोवतो.

“यादी आल्यावर तर दुश्मनबी फ्लेक्स लावतो, भावी. आदी लावतो तो चाहता.”

“आपले तिन्ही अंदाज चुकले, भागवतभाऊ.”

“अंदाज न्हाई चुकले,” भागवत शांतपणे म्हणाला. “निवड चुकली.”

 सायमनने फ्लेक्स नीट पाहिला. कैनात मधोमध होती, हातात अख्खी स्टिक. भागवतने अनुभवातून तेवढं शिकून घेतलं होतं. कोपऱ्यात सायमनचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, मार्गदर्शक: भावी सायमन. सदतिसाव्या वर्षीही.

तिथून तो वॉर्ड दोनचा वॉल फिरवून तौफिककडे गेला. तौफिकचं वेल्डिंगचं दुकान होतं. ग्राउंडवरचे गोलपोस्ट त्यानेच बनवून दिलेले. जाळी पंचायत देणार होती. अजून देणार होती. तौफिक एके काळी बॅकला खेळायचा, आणि सायमनपेक्षा बरा खेळायचा. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही कधी बोलले नव्हते.

सायमनने त्याला सांगितलं, तू बाप आहेस, तू नको म्हणालास तर भागवतला थांबावं लागेल. उद्या नाव नसलं तर पोरीला जन्मभर चौकातून जाताना काय ऐकावं लागेल ते मला विचार.

तौफिकने काळा चष्मा कपाळावर चढवला.

“तुला वंगाळ वाटतं ते बरोबर हाय, सायम्या. पन माझा कुनी फ्लेक्स छापला न्हाई. तुझ्या फ्लेक्सवर मी शुभेच्छुकात हुतो. खालून दुसरा.”

त्याने चष्मा खाली ओढला. ठिणग्या उडायला लागल्या.

मग सायमनने जे केलं ते त्याने नोकरीत कधी केलं नव्हतं. संध्याकाळी चौकाच्या वॉर्डाचा, म्हणजे तीन नंबरचा वॉल आला, आणि तो मोपेडवरून तसाच पुढे गेला. त्याचा हिशोब सरळ होता. भागवत तीन नंबरात राहतो. पाणी नाही आलं की घरून बायको बोलावेल, बायकोने बोलावलं की भागवत जाईल, आणि फ्लेक्स आजच्या दिवस लावायचा राहील.

पण तीन नंबरात एकट्या भागवतची बायको नव्हती. नळ कोरडे म्हटल्यावर अख्खा वॉर्ड हंडे घेऊन पंचायतीवर निघाला, आणि पंचायत चौकात होती. बायका, म्हातारे, जावई, एक नवरदेव हळद लागलेल्या अंगाने. भागवत बांबूला दोरी बांधत होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. एवढी गर्दी आमदारालाही झाली नव्हती, असं तो माईकवर म्हणाला. लोकांनी पाण्यासाठी हंडे वाजवायला सुरुवात केली होती. त्याच गजरात फ्लेक्स वर चढला.

सायमन लांबून, मोपेड चालू ठेवून, हे बघत होता. गर्दीत कैनात होती. तिच्याही हातात हंडा होता, कारण तौफिकचं घरही तीन नंबरातच. ती मान वर करून स्वतःकडे बघत होती. मोपेडचा आवाज ओळखून ती त्याच्याकडे आली.

“चाचा, माझी स्टिक पुरी आलीय.”

“बघितली.”

“तुमचा लावला तवा कसं वाटलं हुतं?”

तो सांगणार होता. दिवसभर तेच तर सांगत फिरत होता. पण तिने विचारलं होतं लावला तेव्हाचं, नंतरचं नाही. आणि तेव्हा, यादी लागेपर्यंत, सायमन चौकातून सारखा जात होता. दूध आणायला गेला, मग किटलीचं झाकण राहिलं म्हणून पुन्हा गेला. झाकण त्यानेच मुद्दाम ठेवलं होतं.

“बरं वाटलं हुतं,” तो म्हणाला. मग जाऊन त्याने वॉल उघडला.

यादी दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर आली. त्याने ती वरून वाचली, मग खालून वाचली. खालून वाचल्याने नाव निघत नाही, पण वाचली. टपरीवर लोक म्हणाले, निवडीत राजकारण. भागवतने शटर अर्धं खाली ओढलं आणि उरलेल्या अर्ध्यातून पाहुण्यासारखा वाकून बाहेर पडला. कुणीतरी चहा ओतता ओतता म्हणालं, आता गावात दोन भावी झाले. फार मोठ्याने नाही. पण सायमन तिथूनच चालला होता.

त्याला त्या दिवशी कुठेच थांबवेना. उघडलेले वॉल पुन्हा तपासले. कैनात घराबाहेर आली नव्हती. तौफिकच्या दुकानातून वेल्डिंगचा आवाज येत होता, एकसारखा, जेवणाच्या वेळेलाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पंचायतीची शिडी घेऊन चौकात गेला. शाळेची वेळ व्हायच्या आत फ्लेक्स उतरवायचा होता.

चौकात नुसते बांबू होते. दोऱ्या नीट सोडवून, गुंडाळून, बांबूलाच अडकवलेल्या.

भागवतला उपरती झाली असेल असं त्याला वाटलं, पण भागवतला गाठ सोडवता येत नसे, तो कापायचा. सायमन शिडी तिथेच टाकून ग्राउंडवर गेला. कैनात आधीच आलेली होती. शेजारी स्टिक, आणि काखेत काहीतरी गुंडाळलेलं.

“अब्बांची शिडी घेतली,” ती म्हणाली. “रंगुआजीला देऊन आले. पुरा गोठा झाकला म्हनली.”

सायमनने तिच्या काखेतल्या गुंडाळीकडे पाहिलं.

“बदल्यात तिनं हा दिला. म्हनली, भावीला दे, आता माझ्या कामाचा न्हाई.”

तिने गुंडाळी सोडली. शेणाचा वास सुटला. अठरा वर्षांचा सायमन मुरमावर आडवा झाला, कपाळाला मुठीएवढं भोक, हातात छत्रीची मूठ. कैनातने त्याच्याकडे बघून मग गोलपोस्टकडे बघितलं. जाळी अजूनही पंचायतच देणार होती.

दोघांनी मिळून फ्लेक्स पोस्टच्या मागे ताणून बांधला. कपाळाच्या भोकातून पलीकडचा ऊस दिसायला लागला. कैनातने बॉल ठेवला, मागे सरकली, आणि स्टिक टेकवून थांबली.

“चाचा, पुढच्या वर्षी हुईल का माझं?”

सायमन पुढचं फक्त पाण्याचं सांगायचा, तेही लाईट असेल तर. त्याने चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“खाली मार,” तो म्हणाला. “कपाळ फाटलंय. बॉल उसात जाईल.”

तिने खाली मारला. बॉल ओल्या मुरमावरून सुटला आणि शुभेच्छुकांच्या ओळीत जाऊन लागला, खालून दुसऱ्या फोटोवर. फ्लेक्स थरथरला, थांबला. कैनात पळत गेली, वाकली, बाहीने अब्बांच्या फोटोवरचा चिखल पुसला, आणि बॉल घेऊन परत येऊन जागेवर उभी राहिली.