अण्णांची रजा

माझे वडील, अण्णा, दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याच्या घरी वारले. चौथ्या दिवशी सांगलीहून आमच्या औषधनिर्माण महाविद्यालयाचे प्राचार्य निकम जीप घेऊन आले. सोबत कुंडलचा जोतीराम होता, अण्णांच्या एम.फार्म.च्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक. सुतकाच्या घरी चहा कोणी विचारत नाही, तरी निकमसर दोनदा ‘नको’ म्हणाले.

मग म्हणाले, “पद्मा, सोमवारी विद्यापीठाची समिती वर्ग तपासायला येतेय. मान्यतेला दोन मार्गदर्शक लागतात. आता मी एकटाच उरलो. सर आजारी आहेत, रजेवर आहेत, एवढंच सांगायचं. त्यांच्या विभागात तू शिकवतेस. तुलाच विचारतील.”

स्वयंपाकघराच्या दारातून अण्णांची थोरली बहीण, शकुंतलाआत्या म्हणाली, “आणि रजेचा अर्ज कोणी करायचा? विष्णूने की यमाने?”

जोतीराम भिंतीला टेकला होता. “ताई, वर्ग बंद झाला तर आमी पाचजणांनी कुठं जायाचं? सरांनीच बोलवून घेतलं हुतं.”

ते खरे होते. मी हो म्हणाले.

दहावा व्हायच्या आत मी सांगलीला गेले. कॉलेजातली शोकसभा पुढे ढकलली होती. हार घातलेला फोटो निकमसरांच्या कपाटात होता.

समितीचे अध्यक्ष आगटे पुण्याचे, पण त्यांची सासुरवाडी साताऱ्याची. यंत्रे बघून झाल्यावर त्यांनी मला विचारले, “विष्णुपंत कसे आहेत?”

“आजारी आहेत. रजेवर.”

“घेऊ द्या विश्रांती,” ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितले नाही, तेव्हा मला कळले की त्यांना सगळे ठाऊक आहे. रकाना भरायचा म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, “अभ्यासक्रमात काय सुधारावं असं त्यांना वाटतं?”

अण्णा वर्षानुवर्षे बैठकांत एकच गोष्ट सांगत आणि लोक घड्याळ बघत. “ते म्हणतात,” मी म्हणाले, “की आपली मुलं गोळी उत्तम बनवतात, पण ती घेणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. सहा महिने त्यांना इस्पितळात ठेवा. रोग्याशी बोलू द्या.” निकमसरांनी खाकरून पाहिले. मी थांबले नाही. ‘ते म्हणतात, ते म्हणतात’ असे म्हणत राहिले.

आगटे भराभर लिहीत होते.

जानेवारीत विद्यापीठाचे पत्र आले. निकमसरांनी मला बोलावून ते मोठ्याने वाचले. मान्यता दोन वर्षे चालू राहणार होती. अट एकच. प्राध्यापक विष्णुपंतांच्या सूचनेप्रमाणे सहा महिन्यांचे इस्पितळातले प्रशिक्षण सुरू करावे आणि ते त्यांच्याच देखरेखीखाली व्हावे.

“सुटलो,” निकमसर म्हणाले.

“आणि प्रशिक्षण?”

“ते सर रुजू झाल्यावर बघू,” ते सहज बोलून गेले. मग पत्र फाइलला लावू लागले. बाहेर प्रयोगशाळेत जोतीराम गोळ्यांचे यंत्र फिरवत होता.